पगारी आर्काइव्ह्ज प्रशिक्षण: अर्ज करू का, आणि आधी काय विचारू?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात इतिहासात एम.ए. केलेली एक विद्यार्थिनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दक्षिण आशियाच्या इतिहासात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष. तिथल्या ग्रंथालयाने स्पेशल कलेक्शन्स विभागात, म्हणजे जुनी दफ्तरं, पत्रं, खासगी कागद सांभाळणाऱ्या आर्काइव्ह्जमध्ये, ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठी पगारी प्रशिक्षणाच्या जागा काढल्या आहेत आणि आधीचा अनुभव लागत नाही असं जाहिरातीत म्हटलंय. त्याच ग्रंथालयाच्या डिजिटायझेशन लॅबमध्येही जागा आहे, तिथे तासाला थोडे जास्त पैसे मिळतात. ती विचारते: कुठे अर्ज करू? गाईड म्हणतात वेळ वाया जाईल, ते खरं का? माझं मराठी आणि थोडंफार मोडी उपयोगी पडेल का? आणि शेवटी, जरा लाजत, पांढरे हातमोजे विकत घ्यावे लागतात का?

तू मला ताई म्हटलंयस, म्हणून अगंतुगं करते. अठरा वर्षं मी हेच काम करते आहे. सुरुवात अशाच एका विद्यार्थी-जागेवरून झाली, आणि आता अशा जागांसाठी आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलते.

आधी कॅलेंडर उघड. तू टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, आहेस असं लिहिलंयस. ती अर्धवेळ नेमणूक असणार, म्हणजे आठवड्याला २० तास. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि त्यात कॅम्पसवरची सगळी कामं मिळून धरतात. म्हणजे तुझा कोटा भरलाय. टीए सांभाळून वर आठ तास आर्काइव्ह्जमध्ये, हा विचार मनातून काढून टाक. ग्रंथालयाचा भला माणूस “चालेल की” म्हणाला तरी काढ, कारण चुकलं तर निस्तरायचं तुलाच आहे, त्याला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र पूर्णवेळ काम करता येतं, पुढच्या सेमिस्टरला तू परत शिकायला असणार असलीस की झालं. काही विद्यापीठांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला ईमेल कर आणि उत्तर लेखी घे. तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

म्हणून माझं उत्तर: उन्हाळ्यासाठी अर्ज कर, आणि प्रशिक्षणाच्या जागेला कर. लॅबला नको. का ते सांगते.

डिजिटायझेशन लॅबचं काम वाईट नाही. पण विद्यार्थ्याच्या वाट्याला तिथे बहुतेक एकच गोष्ट येते: आधीच कुणीतरी लावून, नाव देऊन, यादी करून ठेवलेले कागद स्कॅनरखाली धरायचे, फाइलला ठरलेलं नाव द्यायचं, पुढचा कागद. पहिल्या आठवड्यात रंगपट्टी, रेझोल्यूशन, टिफ फाइल हे सगळं शिकून होतं. मग दहा आठवड्यांच्या उन्हाळ्यातले उरलेले नऊ आठवडे हात काम करतात आणि कानात पॉडकास्ट चालू असतो. पैशांची नड असेल तर खुशाल कर, त्यात कमीपणा नाही. पण हे कागद इथे का आले, या क्रमाने का लागले, कुठले बाजूला ठेवले आणि कुठले कधीच आले नाहीत, हे तिथे कळत नाही. इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला कळायला हवं ते नेमकं हेच.

प्रशिक्षणाच्या जागा कशा असतात याचा चांगला नमुना म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं ग्रंथालय. तिथे २००४ मध्ये ‘सेंटर फॉर प्रायमरी रिसर्च अँड ट्रेनिंग’ सुरू झालं. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला त्याच्या विषयाशी जुळणारा, अजून न लावलेला संग्रह द्यायचा, शिकवायचं, पगार द्यायचा, आणि शेवटी तो संग्रह वाचकांसाठी खुला करायचा, अशी कल्पना. यात ग्रंथालय काही दानधर्म करत नाही. मोठ्या ग्रंथालयांकडे न उघडलेल्या खोक्यांचे ढीग असतात. संग्रह देणगीत येतात भराभर, लावणारी माणसं मोजकी. मग तमिळ नाटकावर संशोधन करणारा, लॅटिन अमेरिकेच्या छापखान्यांवर काम करणारी, असे लोक कॅम्पसवर फिरतच असतात, त्यांना विषय आधीच ठाऊक असतो. त्यांना पद्धत शिकवणं हे एखाद्या आर्काइव्हिस्टला तमिळ शिकवण्यापेक्षा सोपं. तू अर्ज करशील तेव्हा हा हिशोब डोक्यात ठेव. तू काही मागायला जात नाहीयेस, तुझ्याकडे त्यांना हवं असलेलं काहीतरी आहे.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या पहिल्या संग्रहाबद्दल सांगते, कारण त्यात मी केलेली चूक मी आजही नवीन मुलांना सांगते.

एका निवृत्त प्राध्यापकांचे कागद होते, त्यांच्या गॅरेजमधून आलेले. पंधरा-सोळा मोठे खोके. असा एक खोका म्हणजे साधारण एक घनफूट, आणि कागदाने भरला की पंधरा किलोच्या आसपास, म्हणून जाहिरातीत “४० पौंड उचलता आले पाहिजेत” असं लिहिलेलं असतं. पहिला खोका उघडला. वर धूळ, मध्ये एक मेलेली पाल, खाली पत्रं. मी पुण्याहून आलेली, मराठी शाळेतल्या बाईंनी वही नीटनेटकी ठेवायला शिकवलेली. दोन दिवसांत मी सगळी पत्रं फोल्डरांतून काढून तारखेप्रमाणे लावली. १९६१, १९६२, १९६३. गठ्ठे इतके छान दिसत होते की मी त्यांचा फोटो काढून आईला पाठवला.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आली. तिने रिकामे झालेले जुने फोल्डर हातात घेतले आणि त्यांच्या कडेवरची पेन्सिलची अक्षरं वाचायला लागली. एकावर लिहिलं होतं: “उत्तर द्यायचं नाही.” तिने एवढंच विचारलं, यात कुठली पत्रं होती?

मला सांगता येईना. त्या माणसाने कुणाकुणाला मुद्दाम उत्तर दिलं नाही, ही त्या संग्रहातली सगळ्यात बोलकी माहिती होती, आणि मी ती दोन दिवसांत पुसून टाकली होती. पुढचा आठवडा आम्ही दोघी गंजाचे डाग जुळवत बसलो. त्या फोल्डरमधली पत्रं एका मोठ्या क्लिपने एकत्र लावलेली असणार, कारण फोल्डरच्या आतल्या बाजूला क्लिपचा तांबूस ठसा उमटला होता. तसाच, त्याच उंचीवर असलेला ठसा शोधत आम्ही अकरा पत्रं परत मिळवली. बाकीची किती होती ते कुणालाच कळणार नाही. फाइंडिंग एडमध्ये, म्हणजे संग्रहाच्या वर्णनात्मक यादीत, तशी नोंद आहे: या फोल्डरचा मूळ क्रम प्रोसेसिंगच्या, म्हणजे संग्रह लावण्याच्या, वेळी बिघडला. कोणी बिघडवला ते लिहिलेलं नाही. मी लिहा म्हटलं होतं, सुपरवायझर म्हणाली गरज नाही.

याला या धंद्यात मूळ क्रम म्हणतात, आणि ज्याच्याकडून कागद आले त्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत हा त्याचा जोडनियम. पुस्तकात दोन ओळींत वाचता येतात. पण ते अंगात मुरतात तेव्हा तू ज्या दफ्तरांवर प्रबंध लिहिणार आहेस ती वेगळी दिसायला लागतात. पेशवे दफ्तराचंच घे. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले ते कागद आज ज्या विभागणीत आहेत, ती पेशव्यांच्या फडाची, म्हणजे कचेरीची, जशीच्या तशी विभागणी नाही. इंग्रजांनी इनामांची चौकशी करताना स्वतःच्या सोयीने त्यात हात घातलेला आहे. मग गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. आपण सगळे ते खंड वापरतो, वापरायलाच हवेत. पण कशाच्या शेजारून कुठला कागद उचलला गेला, त्या रुमालात आणखी काय होतं, हा प्रश्न मला एम.ए.ला असताना पडला नव्हता. गंजाचे डाग जुळवल्यावर पडला. तुझ्या गाईडना सांगायचं असेल तर हे सांग. वेळ जाईल हे खरंच आहे, दहा आठवडे जातील. पण तुझ्या प्रबंधाचं साधनांवरचं प्रकरण त्यातून बदलेल, आणि बदललं नाही तर गाईडचं खरं होतं असं म्हणून मला कळव.

रोजचं काम कसं चालतं ते जरा पटापट सांगते. आधी सगळे खोके नुसते चाळायचे आणि काय काय आहे ते टिपायचं. मग प्रोसेसिंग प्लॅन: किती भाग करायचे, कुठे खोलात जायचं, कुठे फोल्डरच्या पातळीवर थांबायचं. हे आर्काइव्हिस्टबरोबर बसून ठरवायचं. मग आम्लविरहित फोल्डर, करड्या रंगाचे पाच इंच रुंदीचे खोके, फोल्डरच्या कडेवर पेन्सिलने शीर्षक. गंजलेल्या पिना काढायच्या, रबरबँड वितळून चिकटले असतील तर खरवडायचे. फोटोंना पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म सापडली तर ती लगेच वेगळी करून वरिष्ठांना सांगायचं, ती अ‍ॅसिटेटची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, फिल्म कुजायला लागलेली असते. मग आर्काइव्ह्जस्पेस नावाच्या प्रणालीत नोंदी भरायच्या, आणि शेवटी त्या माणसाचं किंवा संस्थेचं चरित्र आणि संग्रहात काय आहे याचा आढावा लिहायचा. लिहिण्याचे नियम ‘डॅक्स’ या मानकात आहेत. पहिले दोन दिवस ते वाचून झोप येईल.

प्रत्येक पिन काढायची की नाही, यावर पूर्वी मारामाऱ्या होत. २००५ मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर यांनी ‘अमेरिकन आर्काइव्हिस्ट’मध्ये एक लेख लिहिला आणि सरळ म्हटलं की विसाव्या शतकातल्या मोठ्या संग्रहांवर एवढं कोरीव काम परवडत नाही, सरासरी घनफुटाला चार तासांत काम उरकलं पाहिजे, म्हणजे ढीग कमी होतील आणि वाचकांना काहीतरी हाती लागेल. अनेकांना ते झोंबलं, पण आज बहुतेक ग्रंथालयं कमीअधिक त्याच वाटेने जातात. तुला हा चार तासांचा आकडा हिशोबासाठी हवा. दहा आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ४०० तास. कागदावर १०० घनफूट होतात. शिकाऊ माणसाला माझ्या अनुभवाने तिप्पट-चौपट वेळ लागतो, शिवाय प्रशिक्षण, मीटिंगा, सुट्ट्या. तेव्हा २५ घनफुटांपर्यंतचा संग्रह तुझ्या हातून पूर्ण होऊ शकतो. मुलाखतीत कुणी ८० घनफुटांचा दाखवला तर समज की तुला त्यातला मधलाच तुकडा मिळणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. संग्रह अथपासून इतिपर्यंत तुझ्या हातून झाला पाहिजे. खोका उघडण्यापासून यादी प्रसिद्ध होईपर्यंत. जागा पगारी आहे की नाही हे बघच. पण पगारी असूनही दहा जणांच्या दहा संग्रहांत थोडी थोडी मदत करायची असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी तुझ्याकडे दाखवायला काही नसेल. मी एकदा एका संस्थेत, पगाराशिवाय, “अनुभवासाठी” असं तीन महिने काम केलं. रोज वेगळं टेबल. आज ते माझ्या रेझ्युमेवर एक ओळ आहे, आणि ती वाचून मला कुणी कधी एकही प्रश्न विचारलेला नाही. याउलट त्या पाल निघालेल्या संग्रहाबद्दल पुढच्या दोन्ही मुलाखतींत विचारलं गेलं.

म्हणून मुलाखतीत तूही प्रश्न विचार, अमेरिकेत त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट न विचारणाऱ्याचं वाटतं. मला एक संग्रह पूर्ण करायला मिळेल का, की चालू कामात हातभार? फाइंडिंग एडमध्ये प्रोसेसिंग कोणी केलं त्या ओळीत माझं नाव येईल का? माझ्याबरोबर कोण बसणार आणि आठवड्यातून किती वेळा? इथे “दार उघडंच असतं, कधीही या” असं उत्तर आलं तर सावध हो, आठवड्याचा ठरलेला तास असला पाहिजे. वाचनकक्षात वाचकांना मदत करायला किंवा एखाद्या वर्गाला कागद दाखवायला मिळेल का? आणि काम ऑगस्टमध्ये अपुरं राहिलं तर ते कोण पूर्ण करणार?

आता मराठी आणि मोडी. हे तुला वाटतं त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, पण तुला वाटतं त्या कारणाने नाही. मोडीचे गठ्ठे प्रत्येक अमेरिकन विद्यापीठात पडलेले नाहीत. पण मराठी मुलखाशी संबंध असलेले कागद पुष्कळ ठिकाणी आहेत आणि ते इंग्रजीत असूनही इंग्रजीवाल्यांना उलगडत नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला गेलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढलं. ज्या अमेरिकन बोर्डाचं ते मिशन, त्याचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या इंग्रजीत नगरचं स्पेलिंग असतं ‘अहमदनग्गर’ म्हणावं असं, एन-यू-डबल जी-यू-आर. आता त्या गावाचं अधिकृत नाव अहिल्यानगर. आजच्या नकाशातलं नाव टाकून शोधणाऱ्याला ते पत्र सापडायला हवं असेल तर कुणीतरी ही तिन्ही नावं एकाच जागेची आहेत असं नोंदीत बांधून ठेवावं लागतं. हे तुला न विचारता कळतं. तुझ्या शेजारी बसणाऱ्या हुशार मुलाला नाही कळत.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण तर पाठच करून जा. त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि तिथल्या लेगसी सेंटरमध्ये त्यांचे कागद आहेत. साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या इस्लामबूली, हा १८८५ मधला प्रसिद्ध फोटोही तिथलाच. त्या स्वतः इंग्रजीत आडनाव लिहीत जोशी, पण शेवटी डबल ई. आय लावून शोधणाऱ्याला मूळ कागद चटकन सापडत नाहीत. शिवाय जन्माचं नाव यमुना, लग्नानंतर आनंदी, माहेरचं आडनावही जोशीच. अमेरिकन पद्धतीने नाव लावणाऱ्याने ‘माहेरचं आडनाव’ या रकान्यात पुन्हा जोशी पाहिलं तर त्याला ती टंकलेखनाची चूक वाटेल. आपल्याला वाटणार नाही.

मराठी पुस्तकं इकडे इतकी कशी, असं तू विचारलं होतंस म्हणून जाता जाता. आपण अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आलेला गहू खाल्ला तो रुपयांत घेतला होता. ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करायचे होते, आणि १९६२ पासून त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पाठवली गेली. शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात मराठीच्या कपाटांपुढे उभं राहिलं की त्या लाल गव्हाची आठवण होते. माझ्या आईला त्याच्या पोळ्या आवडत नसत.

तर मोडीबद्दल अर्जात खरं आणि नेमकं लिही. “मोडी येतं” असं लिहू नकोस. “अठराव्या शतकाच्या अखेरचं सुवाच्य मोडी सावकाश वाचू शकते, एकोणिसाव्या शतकातलं घाईतलं मोडी शब्दकोश आणि मदत घेऊन” असं लिही. अर्ज वाचणाऱ्याला मोडी म्हणजे काय हे ठाऊक नसणार, म्हणून एक वाक्य त्यावरही: आधी रेघ ओढून तिला लटकत, शक्यतो हात न उचलता लिहायची ही मराठीची लिपी, विसाव्या शतकापर्यंत सरकारी आणि घरगुती कागदांत सर्रास वापरात होती. एवढं पुरे. पूर्ण परिच्छेद मोडीवर खर्च केलास तर तू भाषांतराच्या कामासाठी अर्ज केलायस असं वाटेल.

कव्हर लेटरमध्ये बहुतेक जण एकच चूक करतात: “मला इतिहासाची आवड आहे, जुन्या कागदांचा वास आवडतो.” जुन्या कागदांचा वास म्हणजे बऱ्याचदा बुरशी असते. मला वाचायचं असतं ते असं: तू कुठल्या पुराभिलेखागारात कागद मागितले, काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि यादी कशी होती म्हणून शोधायला वेळ गेला. तू पुण्यात आठवडाभर चुकीचे रुमाल मागवत होतीस असं लिहिलंयस ना, तोच प्रसंग चार ओळींत घाल. ज्याने वाईट यादीमुळे आठवडा घालवलाय त्याला चांगली यादी म्हणजे काय ते कळतं. जोडीला तू घरी किंवा विभागात कधी काही पद्धतशीर लावलं असशील, अगदी गणेशोत्सव मंडळाचे जुने हिशोब असले तरी, ते लिही. मी एकीला तेवढ्यावर घेतलं होतं, वडिलांच्या किराणा दुकानाच्या चाळीस वर्षांच्या वह्या तिने यादी करून ठेवल्या होत्या.

पैशांचं थोडक्यात. अशा जागा तीन प्रकारच्या असतात. तासावर मजुरी, सगळ्यात सोपी. असिस्टंटशिप, ज्यात पगाराबरोबर फी माफी येते, पण ती सेमिस्टरला असते आणि तुझी टीए आधीच आहे. तिसरी फेलोशिप म्हणून एकरकमी किंवा हप्त्यांनी. फेलोशिप असली तर ती कामाच्या तासांत धरतात की नाही हे पुन्हा त्याच ऑफिसला विचार, अंदाज करू नकोस. तासावर असेल तर पगाराच्या पावतीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे तिथल्या पेन्शनचे आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्याचे कर, कापलेत का ते बघ. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते लागत नाही, आणि उन्हाळ्यात पेरोलवाले चुकून कापतात. भारत-अमेरिका करविषयक करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना टॅक्स रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक वजावट, मिळतं, इतर बऱ्याच देशांच्या मुलांना मिळत नाही, तर तेही सोडू नकोस.

एक गोष्ट गाईडनी सांगितली नसेल. कर्मचारी म्हणून तू जे बघशील ते सगळं तुला संशोधक म्हणून वापरता येणार नाही. प्राध्यापकांच्या कागदांत विद्यार्थ्यांच्या मार्कांच्या याद्या, शिफारसपत्रं निघतातच; विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे, त्या बाजूला काढून बंद ठेवाव्या लागतात. आजारपणाची पत्रं, सोशल सिक्युरिटी नंबर, देणगीदाराने वीस वर्षं मिटवून ठेवायला सांगितलेला गठ्ठा. हे वाचूनच कळतं की बंद ठेवायला हवं, म्हणजे तू वाचणारच. पण ते तुझ्या प्रबंधात यायचं नाही, आणि जेवताना मैत्रिणीला सांगायचंही नाही. संग्रह तुझ्या विषयाच्या अगदी जवळचा असला तर पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांग, खुला झाल्यावर इतरांसारखी वाचनकक्षात बसून बघेन. त्याने विश्वास बसतो.

पुढे यात नोकरी मिळेल का, तर एका उन्हाळ्याने नाही. अमेरिकेत आर्काइव्हिस्टच्या कायम जागेला बहुतेक ठिकाणी ग्रंथालयशास्त्राची पदवी मागतात, आणि सुरुवातीच्या पुष्कळ जागा एक-दोन वर्षांच्या मुदतीच्या असतात. भारतात परतायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रशिक्षणाचे कुठले अभ्यासक्रम सध्या चालू आहेत ते बघून ठेव. पण तुला प्राध्यापकच व्हायचंय असं लिहिलंयस, मग या प्रश्नाची घाई नाही.

हातमोजे विकत घेऊ नकोस. सिनेमात पांढरे सुती मोजे घालून जुनं हस्तलिखित उलटतात, ते बघून आम्ही हसतो. सुती मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, बस. फोटो आणि निगेटिव्हसाठी नायट्राइलचे, म्हणजे डॉक्टर वापरतात तसे रबरी, मोजे लागतात, ते ग्रंथालय देतं. बुरशी असेल तर मास्क, आणि तुला दमा असेल तर तो आधीच सांग, म्हणजे तसे खोके तुझ्याकडे येणार नाहीत. हँड क्रीम कामाच्या आधी लावायचं नाही, संध्याकाळी लाव, कारण कागद हातातलं सगळं तेल शोषून घेतो आणि आठवड्यात बोटांची टोकं फुटतात. आणि स्वेटर ने, जुलै असला तरी.